साडेसात ग्रॅम ओट्स

बाबांचा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची ती तपासणी, एचबीएवनसी. बाबांना मधुमेह आहे त्याला अकरा वर्षं झाली, पण आकडा कायम सातच्या आसपास. मागच्या खेपेला ७.१ होता. या वेळी ८.६. मी आधी रिपोर्टवरचं नाव पुन्हा वाचलं, दुसऱ्या कुणाचा तर आला नाही ना म्हणून. नाव त्यांचंच होतं.

आमचे बाबा पथ्याच्या बाबतीत एकदम कडक. बँकेत नोकरी केलेला माणूस, हिशेबात चूक चालत नाही. निदान झालं त्या आठवड्यात चहातली साखर सोडली ती सोडलीच. रविवारी सकाळी पोहे-जलेबी हा आम्हा इंदूरवाल्यांचा कुळधर्म. त्यातली जलेबी त्यांनी सोडली आणि त्या बदल्यात पोह्यांवर थोडी जास्त शेव मागून घेतली, तेवढीच काय ती सूट. गोळीची वेळ चुकत नाही, सकाळचं फिरणं चुकत नाही. मग दीड अंक वाढला कुठून?

डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला. गेल्या चार-सहा महिन्यांत खाण्यात काही नवीन आलंय का? बाबा म्हणाले, “नाही.” आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग बाबाच म्हणाले, “म्हणजे हा ओट्सची बिस्किटं करतो घरी, ती खातो चहाबरोबर. पण ती पौष्टिक असतात.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “त्यात काय काय घालता ते लिहून आणा. मापासकट.”

‘पौष्टिक’ हा शब्द बाबांचा नव्हता. तो त्यांना मी दिला होता.

ही बिस्किटं आमच्या घरात आली ती टेक्सासमधून. कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी मी डॅलसजवळ आठ महिने राहून आलो. तिथे डिसेंबरात आमच्या टीममधल्या एक बाई पत्र्याचा मोठा डबा भरून कुकीज घेऊन आल्या. तळहाताएवढी एकेक कुकी, जाडजूड, खडबडीत, वरून कुरकुरीत आणि मध्ये मऊ. आत ओट्स, खोबरं, चॉकलेटचे तुकडे आणि पीकान. पीकान म्हणजे अक्रोडाचाच भाऊबंद, जरा लांबट आणि गोडसर. टेक्सासचं ते राज्यवृक्षच आहे, त्यामुळे तिथे ते आपल्याकडच्या शेंगदाण्यासारखं कशातही पडतं. एक कुकी खाल्ली आणि मला दुपारचं जेवण नको झालं. त्या बाईंनी सांगितलं, ह्या ‘काउबॉय कुकीज’.

नाव ऐकून मला वाटलं होतं की घोड्यावर बसून गुरं हाकणारे लोक खोगिराच्या पिशवीत ह्या घेऊन फिरत असतील. पण काळाचा हिशेब जुळत नाही. टेक्सासहून उत्तरेकडे गुरांचे मोठे कळप चालवत न्यायचा जमाना १८८० च्या दशकात संपत आला. कुकीत चॉकलेटचे तुकडे घालण्याची पद्धत रूढ झाली ती मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इन ह्या खाणावळीच्या रूथ वेकफील्ड यांच्यामुळे, १९३० च्या दशकात. तयार चॉकलेट चिप्सची पाकिटं बाजारात आली ती त्यानंतर, १९४० च्या आसपास. तेव्हा काउबॉयचा संबंध नावापुरताच. ओट्सची कुकी मात्र त्याहून जुनी. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात ती आहे, आणि पुढे ओट्सच्या कंपन्यांनी डब्यावरच कृती छापून ती अमेरिकेत घरोघरी पोचवली.

काउबॉय कुकी देशभर गाजली ती निवडणुकीमुळे. १९९२ साली हिलरी क्लिंटन प्रचारात अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेल्या की मलाही घरी बसून कुकीज करता आल्या असत्या, पण मी माझा व्यवसाय करायचं ठरवलं. त्यावर इतका गदारोळ झाला की ‘फॅमिली सर्कल’ नावाच्या मासिकानं उमेदवारांच्या पत्नींच्या कुकीजची स्पर्धाच लावली. वाचकांनी दोन्ही करून बघायच्या आणि मत द्यायचं. त्या वर्षी हिलरीबाईंचीच कुकी जिंकली, आणि गंमत म्हणजे तिच्यातही ओट्स होते. २००० साली टेक्सासच्या गव्हर्नरांच्या पत्नी लॉरा बुश यांनी काउबॉय कुकीची कृती पाठवली आणि टिपर गोर यांच्या आल्याच्या बिस्किटांना हरवलं. डॅलसमधल्या बाईंनी मला कागदावर उतरवून दिली ती हीच कृती.

परत आल्यावर ती कृती वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होती. मग गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला आम्ही ओटीजी घेतला. केक एकदा झाला, पिझ्झा दोनदा झाला, आणि मग तो ओटीजी स्वैपाकघरात नुसता जागा अडवून बसला. एका रविवारी मी तो कागद काढला.

ओट्स बघून आईनं पहिल्यांदा विचारलं, “ही जई ना रे? ही तर जनावरांना घालतात.” तिचं चूक नाही. मध्य प्रदेशात जई हिरवा चारा म्हणूनच लावतात. पण ‘घोड्याचं खाणं’ म्हणून हसलेली हीच मंडळी आता सकाळी दुधात ओट्स शिजवून खातात, कारण डॉक्टर सांगतात आणि जाहिराती सांगतात. ओट्सला आपल्या घरांतून एक प्रतिष्ठा मिळाली आहे. साबुदाण्याला उपासाची असते तशी. साबुदाणा तुपात तळला तरी उपास मोडत नाही, आणि ओट्स साखरेत घोळले तरी पौष्टिकपणा मोडत नाही.

मी मूळ कृती अर्धी केली. अंडी आमच्या घरात चालत नाहीत म्हणून जवसाची पूड पाण्यात भिजवून घातली. पीकानच्या जागी अक्रोड. आणि साखर अजिबात नको म्हणून, दोन्ही प्रकारच्या साखरेच्या वजनाइतका गूळ. हे केल्यावर मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता हे कबूल करतो. ओट्स, गूळ, जवस, अक्रोड. ही नावं एका दमात घेतली की आयुर्वेदाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. पहिला घाणा निघाला, घरभर दालचिनीचा वास सुटला आणि मी बाबांना म्हणालो, “हे तुम्ही खाऊ शकता. साखर नाही. एकदम पौष्टिक.”

त्यांनी एक उचललं. वास घेतला, अर्धं खाल्लं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भट्टीवरची आठवली.”

मला लगेच कळलं ते. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आधी बिस्किटं भट्टीवरून करून आणायची पद्धत होती. तुमच्यापैकी ज्यांची घरं वडोदऱ्याची, हैदराबादची, बेळगावची आहेत त्यांनीही आई-आजीकडून हे ऐकलं असेल. आजी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर आणि वेलची घरून मापून द्यायची. बाबा ते सगळं सायकलच्या हँडलला पिशव्या लावून आणि कॅरिअरला पत्र्याचा रिकामा डबा बांधून बेकरीत न्यायचे. मी पुढे दांडीवर. बेकरीवाल्याचा माणूस परातीत तूप आणि साखर तळव्यानं फेसायचा, मग नानखटाई थापून काळ्या पत्र्यांवर मांडायचा. आपलाच माल आपल्याला मिळावा म्हणून तिथे थांबायलाच लागायचं. भट्टीचं दार उघडलं की गरम वाफेबरोबर जो वास यायचा तो अजून नाकात आहे. पहिला पत्रा निघाला की बाबा एक नानखटाई फुंकून फुंकून माझ्या हातात द्यायचे आणि एक स्वतः तोंडात टाकायचे. घरी मोजून दिलेल्यातल्या दोन कमी भरायच्या आणि आजी दर वेळी बेकरीवाल्याला नावं ठेवायची.

तर असा तो वास. बाबांनी त्या रविवारी एक खाल्लं. मग रोज चारच्या चहाला दोन, आणि रात्री मॅच बघताना एक. डबा संपत आला की रविवारी सकाळी ते ओट्सचं पाकीट स्वतःच ओट्यावर काढून ठेवायचे. मला वाटायचं, अकरा वर्षांनी बाबांना चहाबरोबर काहीतरी आवडीचं मिळालंय आणि ते मी केलंय. पाच महिने हे चाललं होतं.

डॉक्टरबाईंकडून आल्यावर रात्री लॅपटॉप उघडला. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी लॉग बघतात, अंदाज नंतर. मी शीटमध्ये एकेक जिन्नस ग्रॅममध्ये टाकला.

मूळ अमेरिकन कृती अशी आहे: ३ कप मैदा, ३ कप ओट्स, दीड कप पांढरी साखर, दीड कप ब्राऊन शुगर, दीड कप लोणी, ३ कप चॉकलेट चिप्स, २ कप गोड खोबरं, २ कप पीकान, ३ अंडी. याच्या साधारण तीन डझन मोठ्या कुकीज होतात. आता कप सोडा, वजन बघा. ३ कप ओट्स म्हणजे साधारण २७० ग्रॅम, कारण ओट्स हलके असतात. दोन्ही साखरा मिळून मात्र ६२० ग्रॅम. चिप्स ५०० ग्रॅमच्या वर, आणि साध्या चॉकलेट चिप्समध्ये निम्मी साखर असते. ३६ नं भागलं की एका कुकीत साडेसात ग्रॅम ओट्स आणि २४ ग्रॅम साखर. म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे साखर, आणि मूठभरसुद्धा नाहीत इतके ओट्स.

मी हीच कृती अर्ध्या मापानं, तेवढ्याच आकाराची करत होतो. बाबा रोज तीन खात होते. रोजची ७२ ग्रॅम साखर. चहात चमचाभर साखर नको म्हणणाऱ्या माणसाला मी रोज पंधरा-सोळा चमचे खाऊ घालत होतो, आणि वर पौष्टिक म्हणत होतो.

“पण साखर नव्हतीच, गूळ होता,” हा माझा बचाव तिथेच संपला. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडं लोह वगैरे असतं, चव तर उत्तमच असते, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. मधुमेहाच्या माणसासाठी गूळ, खडीसाखर, मध ही सगळी एकाच घरची माणसं.

आणि ओट्सचं म्हणाल तर त्यांचा गुण खरा आहे, खोटा नाही. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, त्यानं कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये पाकिटावर तसं छापायला परवानगी दिली, पण रोज ३ ग्रॅम तंतू पोटात जायला हवा ह्या हिशेबानं. ओट्समध्ये तो साधारण ४ टक्के असतो. म्हणजे साडेसात ग्रॅम ओट्समध्ये ०.३ ग्रॅम. तीन ग्रॅम तंतूसाठी रोज दहा कुकीज खायला हव्यात आणि त्याबरोबर २४० ग्रॅम साखर. हे गणित मी रात्री बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “हे बाबांना दाखव, मला काय दाखवतोस.”

दाखवणं सोपं नव्हतं. सकाळी मी शीट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, बँकेतल्या सवयीनं एकेक ओळ बोट फिरवून तपासली आणि म्हणाले, “बेरीज बरोबर आहे.” मग थोड्या वेळानं, “मला माहीत होतं रे.”

“काय माहीत होतं?”

“एवढी चव साखरेशिवाय येत नसते. मी काय लहान आहे? पण तू पौष्टिक म्हणालास ना, म्हटलं बरंय.”

मला राग आला, त्यांचाही आणि माझाही. आई आतून म्हणाली की तिलाही शंका होती, पण बापलेक इतके खूश होते की तिनं तोंड मिटून घेतलं. म्हणजे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं आणि एका शब्दाच्या आडोशानं सगळे आनंदात होते.

डॉक्टरबाईंनी कागद वाचून डोकं हलवलं. गोळीचा डोस बदलला. बिस्किटं बंद असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, हे मला अनपेक्षित होतं. म्हणाल्या, “मिठाई समजके खाइए, अंकल. दवाई समजके मत खाइए.” दिवसाला किती चालेल ते त्यांनी बाबांच्या आकड्यांवरून सांगितलं. तो हिशेब ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा, मी इथे देत नाही.

त्यानंतरचे सात-आठ रविवार मी कृतीवर काम केलं. साखर नुसती निम्मी केली तर कुकी पसरत नाही, लाडवासारखी गोल राहते आणि कोरडी होते. कारण साखर नुसती गोडीसाठी नसते. ती ओव्हनमध्ये वितळते, पीठ सैल करते, ओलावा धरून ठेवते. तेव्हा साखर कमी केली की बाकीचंही हलवावं लागतं. शेवटी जे जमलं ते असं.

२०० ग्रॅम ओट्स, १२० ग्रॅम कणीक, १२० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ६० ग्रॅम साखर, ७० ग्रॅम किसलेला गूळ, ८० ग्रॅम अक्रोड, ६० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस, ८० ग्रॅम कडू चॉकलेट. दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. अर्धा-अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ. एक चमचा दालचिनी पूड. मीठ विसरू नका, गोड कमी असताना चव तेच सांभाळतं.

ओट्स जाड घ्यायचे, ज्यावर ‘रोल्ड’ लिहिलेलं असतं ते. तीन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स घातले तर कुकीचा चक्क सांजा होतो, मी केलाय. मसाला ओट्सबद्दल बोलायलाच नको. खोबरं आम्ही सियागंजातून आणतो, अख्खी वाटी, आणि घरी किसतो. विकत घ्यायच्या आधी कोपरा मोडून खाऊन बघा. जुनं खोबरं आणि जुने अक्रोड खवट झालेले असतात आणि एकच खवट तुकडा अख्खा घाणा बिघडवतो. कीस आणि अक्रोड कढईत मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत भाजून घ्यायचे. हे अमेरिकन कागदात नाही, आईनं सुचवलं. चिवड्याला खोबरं भाजतोच की आपण. ह्या एका गोष्टीनं इतका फरक पडला की साखर कमी झालीय हे लेकीच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

चॉकलेट घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची. कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट. वनस्पती तूप किंवा हायड्रोजनेटेड फॅट लिहिलं असेल तर ते ‘कंपाउंड’, स्वस्त असतं, उन्हाळ्यात वितळत नाही, पण तोंडातही नीट वितळत नाही. कडू चॉकलेट सुरीनं ओबडधोबड चिरलं की तुकडे आणि चुरा दोन्ही मिळतात आणि कमी चॉकलेट सगळीकडे पुरतं.

लोणी ‘रूम टेंपरेचरला’ असावं असं कृतीत लिहिलेलं असतं. ती रूम अमेरिकेतली, वीस-एकवीस अंशांची. आपल्या मे महिन्यात लोणी ओट्यावर ठेवलं तर पंधरा मिनिटांत त्याचं तेल होतं. बोटानं दाबल्यावर खळगा पडेल पण बोट आत जाणार नाही, इतपत मऊ हवं. ते साखर-गुळाबरोबर फेसायचं, नानखटाईला फेसतात तसंच, रंग फिका होईपर्यंत. मग जवस. कणीक, सोडा, बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी एकत्र चाळून घालायची. शेवटी ओट्स आणि बाकी सगळं, आणि त्यानंतर फार मळायचं नाही. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं. लोणी घट्ट होतं आणि ओट्स पाणी पितात.

मग २५ ग्रॅमचे गोळे. काट्यावर तोलून, अंदाजानं नाही. एवढ्या पिठात साधारण ३६ होतात. बटर पेपरवर अंतर ठेवून मांडायचे आणि वाटीच्या बुडानं दाबून चपटे करायचे, कारण ही कमी साखरेची कुकी आपणहून पसरत नाही. १७० अंशांवर बारा ते चौदा मिनिटं. आमच्या ओटीजीची मागची बाजू जास्त तापते म्हणून आठव्या मिनिटाला ट्रे फिरवतो. कडा तांबूस झाल्या आणि मधला भाग अजून मऊ वाटला की बाहेर काढायच्या. कच्च्या राहिल्या असं वाटतं, तिथे धीर धरायचा. पाच-सात मिनिटं ट्रेवरच ठेवल्या की आपोआप आवळतात. पावसाळ्यात सादळल्या तर पुन्हा १५० वर पाच मिनिटं.

आता ह्या नव्या कुकीचा हिशेबही प्रामाणिकपणे देतो. एकीत साडेपाच ग्रॅम ओट्स आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास साखर, चॉकलेटमधली धरून. कॅलरी साधारण ११०, म्हणजे एका फुलक्याहून जास्तच. कणीक आणि ओट्सचं पिष्टही शेवटी साखरच होतं, ते वेगळं. आणि मुख्य गोष्ट, मूळ कुकी पाऊणशे ग्रॅमची होती, ही पंचवीसची. जुनी एक म्हणजे नव्या तीन. तीन खाल्ल्या तर साखर १३ ग्रॅमवर जाते. म्हणजे सात-आठ रविवार डोकं लावून मी साखर निम्म्यावर आणली, आणि नुसता गोळा लहान केल्यानं ती तिसऱ्या हिश्श्यावर आली. जास्त काम काट्यानं केलं, माझ्या हुशारीनं कमी. हे कबूल करायला मला जड गेलं.

बाबांना ती आवडली का? पहिल्या दिवशी म्हणाले, “ठीक आहे. जुनी चांगली होती.” खरंच चांगली होती. मऊपणा जास्त होता, चॉकलेट तोंडात सांडायचं. नवी जरा कणखर आहे, चावून खावी लागते, अक्रोड आणि खोबरं जास्त लागतं. लेकीच्या वाढदिवसाला मी जुनीच केली, पूर्ण साखरेची. त्या दिवशी बाबांनी एक अख्खी घेतली, सगळ्यांसमोर, आणि रात्रीच्या जेवणातली पोळी आणि भात सोडून दिला. आईनं मान डोलावली.

पुढच्या तपासणीत आकडा ७.६ आला. त्यात नव्या गोळीचा वाटा किती, रोज वाढवलेल्या वीस मिनिटांच्या चालण्याचा किती आणि कुकीचा किती, ते वेगळं काढता येत नाही.

आता रविवारी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. आई खोबरं भाजते, मी फेसतो आणि दाबतो, लेक चॉकलेट ‘चुकून’ सांडते. डिजिटल काट्यापाशी बाबा. एकेक गोळा ठेवतात, मोठ्यानं आकडा म्हणतात, “चोवीस. थोडं लाव.” “सव्वीस. जास्त झालं.” जास्त झालेली चिमूट ते काढतात, इकडे तिकडे बघतात आणि तोंडात टाकतात. ३६ गोळ्यांत सव्वीस जरा फारच वेळा येतो. परवा मोजल्या तर ३४ च भरल्या. मी डब्याच्या झाकणावर पेनानं चौतीस लिहून ठेवलं.

पुढच्या खेपेला निम्म्या कणकेच्या जागी नाचणी घालून बघायचा विचार आहे. बाबांचा सक्त विरोध आहे.